विनूच्या निऱ्या

माधवीचा फोन आला तेव्हा मी नारळ खवत होते. “वन्सं, हे गेले...” एवढंच म्हणाली. हे म्हणजे माझा धाकटा भाऊ विनू. झोपेतच हार्ट अटॅक. थळहून अलिबाग, तिथून मुरूडची एसटी. सगळ्या वाटेत शेजारच्या बाईशी मी एक अक्षर बोलले नाही, आणि मी काही गप्प बसणारी बाई नव्हे. त्याला आता महिना होऊन गेला. त्याच्याबद्दल चार गोड शब्द लिहावेत म्हणून मी बसलेली नाही. गावाने त्याच्याबद्दल जे ठरवून टाकलंय ते साफ खोटं आहे, आणि खरं काय ते कुठेतरी छापून यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

विनू मुरूडला आमची नारळ-सुपारीची वाडी बघायचा आणि वाडीतल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायचा. एका थंडीत तिथे स्कॉटलंडचा एक उंच, लाजाळू गृहस्थ उतरला. मुंबईत कुणाच्या तरी लग्नाला आलेला, त्यामुळे बॅगेत लोकरीचा किल्ट, तिकडचे पुरुष समारंभाला नेसतात ते गुडघ्यापर्यंतचं निऱ्यांचं वस्त्र. हवा लागावी म्हणून त्याने तो व्हरांड्यात टांगला, आणि आमच्या विनूने तो पाहिला. संपलंच! मला रात्री जेवणं झाल्यावर फोन. “ताई, पुढून सपाट गं, आणि मागे सगळ्या निऱ्या. प्रत्येक निरीवर चौकडा जिथल्या तिथे! एक रेघ चुकलेली नाही.” मी म्हटलं, बरं मग? तर म्हणे, मला करायचाय.

आणि केला की! लोकर आपल्या घामट हवेत कशी चालायची? त्याने पडद्यांचं जाड सुती कापड आणलं, हिरवं-काळं चौकड्याचं, आणि आईच्या मशीनवर बसला. पहिला पार वाया गेला. दुसऱ्याच्या निऱ्या बसल्यावर फुलायच्या. तिसरा मात्र असा झाला की मीसुद्धा बघत राहिले. गुडघ्याच्या मध्यावर येणारा, कमरेला रुंद चामडी पट्टा, वर साधा पांढरा शर्ट बाह्या दुमडून, पायात कोल्हापुरी. मोजे घालून बघितले आणि काढून टाकले, “पाय उकडून निघतील,” म्हणाला. गडद चौकडा असला की शर्ट फिका, किल्ट साधा असला तरच शर्ट रंगीत, असले त्याचे नियम. बसताना दोन्ही तळवे मागे फिरवून निऱ्या सारख्या करायचा. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला माझा भाऊ त्यात देखणा दिसायचा. होय, देखणाच. जन्मात पहिल्यांदा.

“अरे मेल्या, लोक काय म्हणतील?” मी विचारलं होतं. “आजोबा धोतराच्या निऱ्या घालून हिंडायचे, त्यांना कोण काय म्हणालं?” असं म्हणून तो किल्ट घालून पाव आणायला बाजारात गेला. पहिले काही दिवस हसले लोक. शिट्ट्या झाल्या, परकर काय नि घागरा काय... आणि मग थांबलंच सगळं. त्याचा आनंद मी काय सांगू! “ताई, आपलं गाव मोठ्या मनाचं आहे हो. कुणी हसत नाही आता. एसटीत उठून जागा देतात. परवा लग्नात मला पंगतीत खाली बसू दिलं नाही, मुद्दाम खुर्ची आणली.” दोन वर्षं तो अशा तरंगत्या मनाने जगला. नवे किल्ट शिवले, समुद्रावर फिरायला जायला लागला. आमचं गाव असं असेल असं मलाही वाटलं नव्हतं, पण मी त्याच्या सुखात सुख मानलं.

मग एक दिवस बाजारात त्याला हिरू नाखवा भेटला. भला माणूस, मासळी घरी आणून देणारा. त्याने विनूला बाजूला घेतलं. “भाऊ, लाजू नका. पालीला माझा साडू हाय, त्याला तुमच्यासारखंच दुखणं व्हतं. तिथल्या वैद्याचं औषध घेतलं आन् चार म्हैन्यांत पँट घालाया लागला.”

झालं होतं असं, की दारात येणाऱ्या बायका माधवीला विचारून विचारून भंडावायच्या. शेवटी तिने सांगून टाकलं, हर्नियाचं ऑपरेशन बिघडलंय, पँट काचते. ऑपरेशन झालं होतं खरं, पण कधीच्या काळी, आणि ठणठणीत बरंही झालं होतं. माधवीवर मी चिडले, पण किती चिडणार? “मी काय करू वन्सं? आजारी म्हटलं की गप्प बसायचे सगळे,” म्हणाली. तिलाही त्याच गावात राहायचं होतं.

विनू भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. मला फोनवर म्हणाला, “म्हणजे मला कुणी बघितलंच नाही गं, ताई.” दुसऱ्या दिवसापासून पँट. लोक रस्त्यात थांबवून अभिनंदन करायचे. वा, पँट! आता बरं वाटतंय ना? तो हो म्हणायचा. मग बाजारात जाणंच बंद केलं, समुद्र सुटला, मागच्या पडवीत नुसता बसून राहायला लागला. दिवाळीत मी गेले तेव्हा हात जोडले, बाबा रे, एकदा घाल तो हिरवा, माझ्यासाठी घाल. माझ्याकडे न बघता म्हणाला, “घातला की मी पुन्हा आजारी पडतो, ताई.” ती आमची शेवटची भेट.

दहाव्याला घर भरलं होतं. येईल तो माधवीपुढे बसायचा आणि तेच वाक्य म्हणायचा. शेवटी शेवटी बरा झाला होता हो, पँट घालायला लागला होता, तेवढंच समाधान. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं... मग माझा तोल गेला. भर माणसांत उभी राहून मी ओरडले, “त्याला काहीही झालेलं नव्हतं! हौस होती त्याची. किल्ट घालायचा तेव्हा बरा होता तो, तुमची पँट घातली आणि मेला!”

कुणी वाद घातला नाही. वाद घातला असता तर मी पुरून उरले असते. कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला, माधवी रडत रडत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि दोघीतिघींनी मला धरून विनूच्या खोलीत त्याच्याच खाटेवर नेऊन निजवलं. पंखा लावला. समोर खुंटीला त्याची काळी पँट टांगलेली, पट्ट्यासकट. दार अर्धवट लोटलेलं होतं. बाहेर अगदी हळू, अगदी मायेने कुणीतरी म्हणालं, “घराण्यातच आहे वाटतं.”