सारसोळ्याला गाडी रंगवली तेव्हा

आधीच सांगतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. साल बहुधा चौऱ्याण्णव. मालतीला, म्हणजे माझ्या बायकोला विचारलंत तर ती त्र्याण्णव म्हणेल, आणि बहुधा तीच बरोबर असेल.

हिराजी हा सारसोळ्याच्या जेट्टीपाशी होड्या रंगवणारा माणूस. नेरूळला सोसायट्या उभ्या राहिल्या तसा तो गाड्याही रंगवू लागला. मोठ्या वर्कशॉपचं ज्यांना परवडत नसे, ते आम्ही सगळे त्याच्याकडे जायचो. पण त्याच्याकडून नुसती रंगवलेली गाडी घेऊन कुणी परतलंय असं होत नसे. गाडीबरोबर एक किस्सा यायचाच. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये असे किती साठले होते, देव जाणे!

*

आमच्या जुन्या गाडीचा रंग उडाला होता, ते एक वेळ चाललं असतं. पण मालती बसते तिथेच, तिच्या पायाखाली, तळाचा पत्रा कुजून भोक पडलं होतं. तिला संधिवात. बसची पायरी चढवत नसे. पावसात रस्त्यावरचं पाणी त्या भोकातून थेट तिच्या गुडघ्यांवर यायचं. दुसरी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. ही वाचली नाही, तर मालती घरातच अडकणार होती.

हिराजीने खाली वाकून पाहिलं. "पत्रा मारतो, रंगवून देतो."

"पाणी आत येणार नाही ना?"

"नाय येनार."

"नक्की?"

"सायेब, तुमी करता काय?"

"कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो. गंज या विषयातच पीएच.डी. आहे माझी."

"म्हनूनच एवढं भेता!"

*

रंग कधी मारायचा, हे तो दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलाला विचारून ठरवायचा. बोंबील वाकवून बघायचा. कडकन मोडला तर स्प्रे गन सुरू. नुसताच वाकला तर हवा दमट, काम बंद.

मला राहवलं नाही. हवेतला दमटपणा मोजायचं एक यंत्र माझ्याकडे होतं, ते घेऊन गेलो. त्या सकाळी बोंबील वाकत होता आणि यंत्र सांगत होतं, हवा कोरडी. मी म्हणालो, "मारा रंग. हे शास्त्र आहे."

हिराजीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा यंत्राकडे, आणि बॉनेट रंगवलं. तासाभरात त्यावर दुधाच्या सायीसारखी पांढरट झाक आली. दमट हवेत असंच होतं, हे मी वर्गात शिकवलेलं होतं!

त्याने दोरीवरचा बोंबील काढून माझ्या हातात दिला.

"घरी न्या, भाजून खावा. यो आता कामाचा नाय, यंत्र हाय ना!"

*

त्याची आणखी एक पद्धत होती. सगळी गाडी खरवडली तरी एक दरवाजा तो शेवटपर्यंत जुन्या रंगात ठेवायचा. कारण विचारलं तर म्हणायचा, "लागंल."

काम अर्धवट असताना मालतीला डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली. बॉनेटही पुन्हा खरवडलेलं, सगळी गाडी प्रायमरने तांबडीलाल, मागचा डावा दरवाजा तेवढा क्रीम. सिग्नलला हवालदाराने अडवलं.

"कागदावर क्रीम लिहिलंय. गाडी लाल कशी?"

मी उगाच कागद चाळू लागलो. मालतीने काच खाली केली. "मागे जाऊन डावा दरवाजा बघा ना, भाऊ."

तो गेला, पाहिलं, आणि हसत परत आला.

"सारसोळ्याला दिलीय काय? आमच्या मेहुण्याची पण तिथंच आहे. त्याचा उजवा ठेवलाय!"

*

आमच्या खालच्या मजल्यावरचे पवार मूळचे साताऱ्याचे, मार्केटात कांद्याचे व्यापारी. त्यांची गाडी रंगवून झाली तेव्हा ते बाहेरगावी होते, म्हणून ड्रायव्हरबरोबर त्यांच्या सासूबाई गाडी आणायला गेल्या.

होडीवर नाव घातल्याशिवाय ती आवारातून सोडायची नाही, हा हिराजीचा नियम. पवारांच्या गाडीलाही त्याने तोच लावला. त्याने विचारलं, "घरात मोठं कोन?"

"मीच की," सासूबाई म्हणाल्या.

पवार परतले तर बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, ठसठशीत लाल अक्षरांत, 'सोनाबाई'! पुसायची सोय नव्हती, कारण सासूबाई रोज सकाळी त्या अक्षरांवरून फडकं फिरवायच्या.

"काय सांगू सर," पवार मला म्हणाले, "घरात पुढं होत्याच. आता मार्केटातबी माझ्या आधी त्याच पोचत्यात!"

*

आमची गाडी तयार झाली. मी मालतीला घेऊन गेलो. गाडी सुरेख दिसत होती. तरी मी विचारलंच, "पाणी नक्की आत..."

"बसा," हिराजी म्हणाला. "वैनी, तुमीपन बसा. तुमच्या जागंवर."

तो स्टिअरिंगवर बसला. गाडी रस्त्याकडे वळेल असं मला वाटलं, ती वळली जेट्टीच्या उताराकडे. भरतीची वेळ. चाकं पाण्यात गेली.

"अहो, खारं पाणी आहे! क्लोराइड!" मी ओरडलो.

"सायेब, होडी पान्यात घातल्याबिगर आमी कोनाला देत नाय."

पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंत आलं. मी दोन्ही पाय सीटवर घेतले. मालतीने चप्पल काढली आणि अनवाणी तळवे नव्या पत्र्यावर टेकवले. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"कोरडं आहे," ती म्हणाली.

हिराजीने गाडी वर घेतली आणि गोड्या पाण्याने तळ धुऊन दिला. त्यानंतर त्या गाडीने मालतीला कितीतरी पावसाळे फिरवलं.

पुढे बरीच वर्षं मी हा किस्सा 'सारसोळ्याची पद्धत' म्हणून सांगत असे. हिराजी गेल्यावर त्याच्या मुलाला भेटायला गेलो, तेव्हा सहज विचारलं, बाबांनी एकूण किती गाड्या अशा पाण्यात उतरवल्या असतील?

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "गाड्या? एकच. तुमची."