हप्त्यांची नवी की चाचांची जुनी

एप्रिलमधल्या एका दुपारी अकोल्याहून चाचांचा फोन आला, तेव्हा मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांना लेबलं लावत होते. मी अमरावतीत एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. चाचा म्हणजे अकोल्यात माझ्या आईच्या शेजारी राहणारे फर्निचरवाले. आई शाळेत शिक्षिका होती. चाचांची मुलं तिच्याच वर्गात शिकली, म्हणून ते आजही तिला बाईच म्हणतात.

"घाबरू नको बेटा," ते म्हणाले. "बाई अंगणात पडल्या. मी दवाखान्यात घेऊन आलो. होश आहे त्यांना, पण तू ये."

माझा नवरा कॉलेजात तासावर होता, त्याचा फोन बंद. मी तशीच बसस्टँडवर गेले आणि मिळाली त्या बसमध्ये बसले. मूर्तिजापूरच्या अलीकडे ती बस बंद पडली. कंडक्टरने सगळ्यांना खाली उतरवलं. रस्त्याच्या कडेला सावलीचं एक झाड नव्हतं. मी येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवत होते आणि ट्रकमागून ट्रक धूळ उडवत निघून जात होते. चाचांचा फोन आता लागत नव्हता. तो का लागत नाही, याची जी जी कारणं मनात येत होती, त्यांतलं एकही चांगलं नव्हतं. शेवटी मागून दुसरी बस आली आणि मी तिच्या दारात उभी राहून अकोल्याला पोहोचले.

आईचं मनगट मोडलं होतं. साखर एकदम कमी होऊन ती चक्कर येऊन पडली होती. मला पाहिल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "एवढ्या उन्हाची काहून आली?"

आई एकटी राहते. आमच्याकडे ये म्हटलं की तिचं बुद्धविहार, तिथल्या बाया, तिचं अंगण, सगळं आड येतं. संध्याकाळी नवरा रेल्वेने आला, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यातच मी त्याला सांगितलं की आता गाडी घ्यायची. तो लगेच हो म्हणाला.

गाडीची हौस मुळात त्याचीच होती. तो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, म्हणजे तेव्हा शिकवत होता. कितीतरी वर्षं तो जेवताना मोबाइलवर नव्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचा. मीच दर वेळी मुलीचं शिक्षण होऊ दे, मग बघू, म्हणून विषय टाळायचे. आता मीच शोरूममध्ये जाऊन आले, रंग ठरवला, कर्जाची चौकशी केली. कर्ज त्याच्या पगारावर मिळणार होतं. शोरूममधली मुलगी म्हणाली की सरांचा पगार पाहता अडचण काहीच येणार नाही.

आणि मग तोच मागे सरकायला लागला. एकदा म्हणाला, व्याज फार आहे. एकदा म्हणाला, पावसाळ्यानंतर बघू. त्यानंतर एका रविवारी अकोल्याहून परत आल्यावर तो म्हणाला की चाचा त्यांची गाडी विकून राहिले आहेत, आपण तीच रोख पैसे देऊन घेऊ. चाचांच्या डोळ्यांना आता रस्त्यावर नीट दिसत नव्हतं, आणि मुलं पुण्याकडे होती.

मला संताप आला. स्वतःसाठी इतकी वर्षं नवीच गाडी पाहिजे होती, आणि माझ्या आईसाठी घ्यायची म्हटल्यावर जुनी चालते, असा अर्थ मी काढला आणि तो बोलूनही दाखवला. तो नुसता ताट उचलून मोरीत ठेवून आला. त्याने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं. गॅस संपला, लाइटचं बिल भरलं, एवढंच. मुलगी तिच्या खोलीचं दार लावून अभ्यास करायची आणि जेवायला आली की आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघायची. मी मात्र हट्टाने शोरूमचं काम पुढे नेत राहिले. मला जुनी गाडी नको होती. रस्त्यात बंद पडलेल्या वाहनाजवळ उभं राहून आई आहे की गेली याचा विचार करणं मी एकदा केलं होतं, आणि ते मला पुन्हा करायचं नव्हतं.

सह्या करायच्या दिवशी मी त्याला बडनेरा रोडवरच्या त्या शोरूममध्ये घेऊन गेले. आत एसीचा गारवा होता. मधोमध आम्ही ठरवली होती तशीच गाडी उभी होती आणि एक कुटुंब तिच्यासमोर फोटो काढत होतं. फायनान्सवाला मुलगा कागद घेऊन आला, कुठे कुठे सही करायची ते त्याने दाखवलं. नवऱ्याने पेन हातात घेतलं, पण त्याचा हात कागदावर जाईना. मुलाला वाटलं, सरांना जागा सापडली नाही. त्याने पुन्हा बोट ठेवलं.

नवरा पेन खाली ठेवून उठला आणि मला म्हणाला, "जरा बाहेर ये."

मला वाटलं, हा आता सगळ्यांसमोर तमाशा करतो. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. रसवंतीच्या पत्र्याखाली तो उभा राहिला. त्याला बोलायला इतका वेळ लागला की रसवाल्याने न सांगताच दोन ग्लास आणून ठेवले.

"माही नोकरी गेली," तो म्हणाला. "कॉलेजवाले आमची ब्रँच बंद करून राहिले. मेपर्यंत पगार आहे. त्याच्यापुढं काही नाही."

पोरांच्या अ‍ॅडमिशन कमी होत आहेत, हे मला माहीत होतं. एवढ्या वर्षांच्या माणसाला काढतील असं मात्र वाटलं नव्हतं.

"कधी कळलं तुमाले?" मी विचारलं.

"होळीच्या आधी."

म्हणजे आई पडली त्याच्याही आधी. मी गाडीचा विषय काढला, तेव्हा याला सगळं ठाऊक होतं. तो रोज सकाळी डबा घेऊन जात होता, संध्याकाळी येऊन पेपर तपासत बसत होता, आणि मी त्याला माझ्या आईची पर्वा नाही असं समजत होते. मला त्याची दया यायला हवी होती. पण आधी आला तो रागच.

"मग दवाखान्यात हो कसं म्हटलं तुमी?"

"तू उन्हात रस्त्यावर उभी होती म्हणून सांगत होती. तेव्हा नाही कसं म्हणू?" तो म्हणाला.

आत फायनान्सवाला काचेतून आमच्याकडे बघत होता. मी एकटीच आत गेले, सध्या जमत नाही म्हणून सांगितलं आणि पर्स उचलून बाहेर आले. घरी येताना स्कूटरवर त्याच्या मागे बसून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. डबल सीट बसताना नेहमी ठेवते.

पुढचा आठवडा त्याहून वाईट गेला. हप्ता भरायला पगारच नव्हता, त्यामुळे नवी गाडी संपली. पण चाचांची गाडी रोखीने घ्यायची, तर मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला टाकलेल्या पैशातला मोठा भाग जाणार होता, आणि तोही घरातला मुख्य पगार बंद होत असताना. गाडीच घेऊ नये, हा विचार दोघांच्याही मनात होता. माझी आई आड येत होती म्हणून तो बोलत नव्हता. मी बोलत नव्हते, कारण एकदा तोंडातून गेलं की ते खरं झालं असतं. आईला आम्ही नोकरीचं सांगितलं नव्हतं, पण तिने आवाजावरून काहीतरी ओळखलं. फोनवर म्हणाली, "माह्यासाठी गाडी-बिडी घेऊ नका. मले काही होत नाही." हे बोलताना तिच्या हातात अजून प्लास्टर होतं.

त्या वाक्यानेच माझं ठरलं. मी नवऱ्याला म्हटलं, आपण रविवारी चाचांकडे जाऊ.

चाचांनी गाडी धुऊन ठेवली होती. एका मेकॅनिकला आधीच बोलावलं होतं, आणि क्लच प्लेट बदलावी लागेल असं तो म्हणाल्याबरोबर चाचांनी तेवढी किंमत स्वतःच कमी केली. मग ते म्हणाले की पैशांची घाई नाही, गाडी आज घेऊन जा, जमेल तसं द्या. माझ्या मनात आलं, हेच बरं. पण नवरा पटकन म्हणाला, "नाही चाचा. पूर्ण पैसे घ्या, नाही तर गाडी राहू द्या." त्याचा आवाज जरा चढला. चाचा माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्याने मान खाली घातली आणि हळू आवाजात त्यांना नोकरीचं सांगून टाकलं. माझ्यासमोर त्याने हे पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला सांगितलं. "आज आहेत तर देतो," तो म्हणाला. "उद्या नसले तर तुमच्यापासून तोंड लपवावं लागेल. इथं तुमच्या शेजारी बाई राहतात."

आई तिच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि आत जाऊन चहा ठेवला. एका हाताने.

क्लचचं काम करून पुढच्या रविवारी आम्ही गाडी आणली. बोरगाव मंजू ओलांडल्यावर इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. नवऱ्याने एसी बंद करून काचा खाली केल्या. आत गरम झळा येत होत्या. दोघंही रस्त्याऐवजी काट्याकडेच बघत होतो. घरातलं होतं नव्हतं ते या डब्यात घालून बसलो, असं माझ्या मनात येत होतं. त्याच्याही येत असावं. एका धाब्यावर थांबून, इंजिन निवल्यावर पाणी टाकलं. मग काटा मधोमध येऊन थांबला आणि घरापर्यंत तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कळलं, एक पाइप झिजला होता. तो बदलला.

जुलैपासून नवरा अंजनगाव सुर्जीच्या एका डिप्लोमा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. पगार निम्म्याहून कमी. तिकडे तो बसनेच जातो, पेट्रोल परवडत नाही. मुलगी शिकायला नागपूरला जाणार होती, ती अमरावतीतच शिकते आहे. तिने यावर एकदाच रडून घेतलं.

दिवाळीच्या आधी चाचांचा फोन पुन्हा आला. आईला ताप होता आणि ती जेवत नव्हती. मी लॅबमधून निघाले, नवरा त्या दिवशी घरी होता, तो गाडी घेऊन गेटवर येऊन थांबलेला. रस्त्यात त्याने सांगितलं की कॉलेजने या महिन्याचे पैसे दिले नाहीत, पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून देतील म्हणतात. मी विचारलं, कधी कळलं. म्हणाला, आज सकाळी. मी बरं म्हटलं.

आईला डेंग्यू निघाला. पेशी उतरत होत्या, म्हणून डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. तीन दिवस आम्ही आळीपाळीने तिच्याजवळ बसलो. चौथ्या दिवशी तिला गाडीत मागच्या सीटवर झोपवून अमरावतीला आणलं. थोडे दिवस राहते, असं ती म्हणाली. विहारातल्या बायांना तिने तसंच सांगितलं आहे. अजून ती आमच्याकडेच आहे.