सात होत्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — दर रविवारी चर्चला जाते, पण फादरसमोर गुडघे टेकूनही नाही. नवऱ्याला तर नाहीच. तुला सांगते.

माझं डोकं तापट, हे वसईत सगळ्यांना ठाऊक. दुबईत मी ते दाबून ठेवलं — पंधरा वर्षं. घरी हसरा चेहरा, ऑफिसातही हसरा चेहरा. ऑफिस तिथल्या सिलिकॉन ओएसिसमध्ये, कॉम्प्युटर कंपन्यांच्या वस्तीत. मायक्रोस्कोपमधून काढलेले रक्ताचे फोटो येतात, त्यातल्या पांढऱ्या पेशी मशीनने आपोआप मोजायच्या. सुट्या पेशी मशीन झटकन ओळखतं. पण एकमेकींना चिकटून गठ्ठा झाला की गडबडतं. म्हणून आम्ही हाताने प्रत्येकीभोवती रेष काढून दाखवायची — ही एक, ही दुसरी. तसं ते शिकतं. किचकट काम गं, पाठ मोडते.

रुमाना माझ्या हाताखाली होती. रत्नागिरीची, सव्वीस वर्षांची. ऑफिसात आम्ही दोघीच मराठी, म्हणून मला ताई म्हणायची, माझ्यासाठी कोलंबीचं सुकं आणायची. मी गठ्ठे कसेतरी उरकतेय, हे तिच्या लक्षात आलं. तिने चारचौघांत न बोलता मला बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर — नाही. खोटं कशाला बोलू? बाजूला घेऊनच सांगितलं. स्टोअररूममध्ये, दार लावून, लॅपटॉप पुढे धरून.

"ताई, इथे पाच नाहीत. सात आहेत."

सात होत्या. मला आधीपासून दिसत होत्या. मग मी काय केलं? शेल्फवरचा, रक्ताच्या जुन्या नमुन्यांच्या काचेच्या स्लाइड्सचा लाकडी डबा उचलला आणि तिच्या तोंडावर हाणला. काचा फुटल्या. ती खाली बसली, तरी मी केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं — दोनदा. तिच्या बोटांमधून रक्त गळत होतं, आणि ती नुसती ताई, ताई म्हणत होती.

मॅनेजरला तिने सगळं खरं सांगितलं. मी म्हटलं, डबा शेल्फवरून पडला, डोक्याला मार लागलाय, बिचारी काहीतरीच बरळतेय. पंधरा वर्षांच्या हसऱ्या चेहऱ्यापुढे तिचं कोण ऐकणार? तिचा डावा डोळा गेला. महिन्याभरात व्हिसा कॅन्सल, खलास — रत्नागिरीला परत.

तिने काढलेल्या रेषा मी माझ्या नावावर जमा केल्या. मशीन आता गठ्ठे बरोबर सोडवतं. माझी मुलगी मैत्रिणींना सांगते, "माय मॉम इज सो पेशंट" — म्हणजे मी किती शांत डोक्याची.

रागाच्या भरात झालं, असं म्हणू? सोपं आहे. पण डबा उचलल्यावर मी थांबले होते. तिने दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरले होते. मी थांबले. तिला वाटलं असेल, ताईचा राग उतरला. तिने हात खाली घेतले.

मग मारला. डोळ्यावर, नेम धरून.