पत्र्या काढलेला बैल

माझ्या शोधनिबंधात एका बैलाच्या पायाचा फोटो आहे. खाली मीच लिहिलंय, ‘निरोगी बैल’. ते पान उघडलं की मला स्वतःची किळस येते.

अवाढव्य डायनासोर कसे चालत, हे आम्ही दगडात उमटलेल्या पावलांवरून शोधतो. ठसा किती खोल गेला, कड कुठे चेपली, त्यावरून कुठल्या पायावर किती भार होता ते कळतं. पण पडताळा पाहायला जिवंत, जड जनावर लागतं. मी फुशारकीने माझ्या मार्गदर्शक सरांना म्हटलं, “आमच्याकडे आहे की!” आणि त्यांना थेट आष्टीजवळच्या गावी, काकांच्या अंगणात घेऊन आले.

चिखल कालवला, बैल चालवला. ठसे आले ते सगळे सपाट. खुरांना लोखंडी पत्र्या होत्या! ऊसतोडीला निघण्याआधी आमच्याकडे प्रत्येक बैलाला त्या ठोकतात. त्याच घरात मी वाढले, आणि नेमकं तेवढंच विसरले.

“मग काढून घ्या ना,” सर नाकाला रुमाल लावून म्हणाले. त्यांना शेणाचा वास सोसत नव्हता.

काका कचरले. “परवा माजलगावच्या कारखान्याला निघायचं हाय, बाई. डांबरावर बिनपत्रीचा बैल टिकत न्हाई.”

“उद्या परत ठोकून घेऊ, काका. माझी जबाबदारी.”

माझ्या शब्दाखातर त्यांनी नालबंदाला बोलावलं. दोरखंड टाकून बैल आडवा पाडला, पाय बांधले. तो भेदरून स्वतःच्याच शेणात तडफडत होता, सर फोटो काढत होते आणि मी निर्लज्जासारखी वहीत रकाने आखत होते. संध्याकाळी सुरेख ठसे मिळाले. आम्ही लगेच परतलो.

दुसऱ्या दिवशी नालबंद परगावी गेलेला. काकांचे दोन फोन आले, मी मीटिंगमध्ये होते म्हणून उचलले नाहीत. ऊसतोडीची टोळी थांबेना, तेव्हा त्यांनी बैल तसाच जुंपला.

निबंध छापून आल्यावर मी पेढे घेऊन गावी गेले. हौदाजवळच्या ओल्या मातीत बैलाचे ताजे ठसे होते. तीन पायांचे खोल, चौथ्याचा नुसता टेकल्यासारखा. ते वाचायला मला कसलंही यंत्र लागलं नाही.

“खूर झिजला, मग आतून सडला,” काका म्हणाले. “आता न्हाई तो गाडीला चालायचा.”

पेढ्यांचा पुडा त्यांनी न उघडताच ओट्यावर ठेवला आणि त्या ठशांकडे बोट दाखवलं.

“हे बी मोजती का?”