रोज आजारी पडणाऱ्या बाई

बीड जिल्ह्यात आजवर जेवढे म्हणून आजार झाले असतील, ते सगळे आमच्या नर्सिंग स्कूलच्या ट्यूटर बाईंना होऊन गेलेले आहेत. सोमवारी कावीळ, मंगळवारी मोडलेला पाय, बुधवारी भरलेले दिवस आणि गुरुवारी त्या कडा गावच्या ठार बहिऱ्या म्हाताऱ्या. रोग्याशी धीटपणे बोलणं पुस्तकातून येत नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून वर्गातल्या खाटेवर त्या स्वतःच चादर ओढून पडायच्या आणि आम्ही एकेकीनं त्यांच्याशी बोलायचं. एकदा त्या इतक्या सुरेख विव्हळल्या की आपला पेशंट शोधत चुकून वर्गात आलेल्या एका गृहस्थांनी कळवळून त्यांच्या उशाशी दोन केळी ठेवली. बाईंनी ती विव्हळत विव्हळतच खाल्ली.

त्यांचे नियमही अजब. उभ्यानं बोलायचं नाही, स्टूल ओढून बसायचं. थर्मामीटर लावण्याआधी गाव विचारायचं आणि त्या गावात आपला एखादा पाहुणा निघालाच पाहिजे. नसला तर जोडायचा. 'घाबरू नका' हे शब्द तर वर्गातून हद्दपारच होते. "ज्याला घाबरू नका म्हणलं, त्यो आधी घाबरतोय," असं त्या म्हणायच्या. मी दिंद्रुडची, तोंडात मूग धरून बसणारी. बाईंच्या खोट्या दम्यापुढेही माझ्या तोंडून शब्दाऐवजी नुसता श्वासच यायचा. "पोरी, दमा मला हाय. धाप तुला कावून लागली?" असं विचारून त्या पुन्हा खोकायला लागायच्या. वॉर्डातही तोंड उघडलं नाही, तर शिक्षण सोडून घरी जायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

वॉर्डातली माझी पहिली पेशंट ऊसतोडीवरून आलेली, तापानं फणफणलेली एक मावशी. मी स्टूल ओढलं, गाव विचारलं, एक चुलत आत्याही जोडली. सलाईन लावायला तिचा हात मोकळा हवा होता आणि कपड्यांची पिशवी तिनं हाताखाली घट्ट धरलेली. सगळा धीर एकवटून मी म्हणाले, "मावशी, पिशवी काढू का?"

आता, आमच्या भागात गर्भाशयालाही पिशवीच म्हणतात. मावशी ताडकन उठली. "समद्यांस्नी माझी पिशवीच कावून पायजे?" असं ओरडत ती फाटकाबाहेर गेली.

बाई वॉर्डाच्या दारातच उभ्या होत्या. आता काही माझी धडगत नाही, असं मला वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तिला ताप हाय. घिऊन ये. मी येनार न्हाई."

मावशी रस्त्याकडेच्या लिंबाखाली जीपची वाट बघत बसली होती. मी तिच्याशेजारी मातीतच बसले आणि मला रडूच फुटलं. "मावशी, म्या कापडाची पिशवी म्हणलं वो!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं आणि खोकला येईपर्यंत ती हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "एका डॉक्टरनं खरंच काढ म्हणलंय. टोळीचा मुकादम बी म्हनतो, काढली की महिन्याचा खाडा न्हाई. तूच सांग, काढू का?"

"ते मला न्हाई कळत," मी म्हणाले. "पर आमच्या डॉक्टरीनबाईंनी नीट तपासल्याबिगर कुनाला हो म्हणू नका. मी संगं थांबते."

ती आली. तपासताना माझं मनगट तिनं सोडलं नाही. पिशवी काढायचं काही कारण नाही, ताप उतरला की झालं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मीही शिक्षण सोडून घरी गेले नाही.

इतक्या वर्षांनी यंदा तोडणीवरून परतताना मावशी दवाखान्यात मला शोधत आली. "हाय तशी हाय बरं का," म्हणाली आणि पोटावर हात ठेवून हसली. मला कधी एकदा बाईंना सांगते असं झालं. त्या आता निवृत्त होऊन पुण्याला लेकाकडे असतात. संध्याकाळी फोन लावला आणि सगळं घडाघडा सांगून टाकलं. फोन कटला की काय म्हणून मी दोनदा "बाई, बाई" केलं.

"हाय गं, ऐकतेय," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा सांग, सावकाश. हितं दिवसभर माझ्यासंगं कुनी बोलत न्हाई."