बागेवर सोडलेलं पाणी

भोकरदनच्या स्टँडवर जालन्याची एस.टी. लागली, तेव्हा मी दादांशी बोलत नव्हते. दादा म्हणजे माझे वडील. मी उसन्या पैशांवर नर्सिंगला पुण्याला निघाले होते. आई पदरानं डोळे पुसत होती आणि दादा माझी बॅग वर चढवून खिडकीखाली उभे होते. गाडी हलली तरी मी मान वळवली नाही.

रागाचं कारण होतं मोसंबीची बाग. पिंपळगाव रेणुकाईजवळ आमची दोन एकर जमीन, आणि गावात ख्रिस्ती घरं आमच्यासकट तीनच. त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या विहिरी आटल्या, आमच्या बोअरला तेवढं पाणी राहिलं. दादांनी बागेचा पाईप काढून रस्त्याकडे वळवला. सकाळपासून घागरींची रांग लागायची. आधी फळं गळली, मग झाडं वाळली. माझ्या शिक्षणाचा सगळा भरवसा त्या बागेवर होता. अर्धं पाणी तरी झाडांना ठेवा म्हणून मी भांडले.

दादा एवढंच म्हणाले, "पाणी म्या थोडंच घातलंय जमिनीत? देवानं फुकट दिलं, अन् मी त्याला कुलूप लावून बसू? मला न्हाई जमणार, बाई."

पुण्यात पोचले तर हॉस्टेल भरलेलं. पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर मी बॅग घेऊन चर्चच्या पायरीवरच बसून राहिले. मंडळीतल्या सिंधूबाई, निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहायच्या. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि रिक्षा थांबवली. आठ महिने मी त्यांच्या घरी राहिले. भाड्याचं नाव काढू देत नसत. मला ते फार जड जाई. मग मी त्या उठायच्या आत भांडी घासायची, कपडे धुवायची, पुसलेली फरशी पुन्हा पुसायची.

एक दिवस त्यांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. "करुणा, तू इथं फेडायला आलीस की राहायला? देवानं माझा हिशेब मांडला नाही. मी तुझा कसा मांडू?"

मोरीजवळ उभी राहून मी रडले. 'कृपा' हा शब्द लहानपणापासून प्रार्थनेत इतक्यांदा म्हटला होता, पण कळला त्या दिवशी. आपल्या कमाईचं नसलेलं पदरात पडलं की माणूस अवघडतो, नाहीतर मोकळा होतो. दादा मोकळे झाले होते. मी अवघडले होते. संध्याकाळी त्यांना फोन लावला आणि चुकलं म्हणाले. ते म्हणाले, "मंग, जेवलीस का?"

याला वीस वर्षं होत आली. आता मी वॉर्डची सिस्टर आहे. शिफ्ट, ओव्हरटाइम, पार्किंग हीच माझी भाषा झाली आहे. तरी घाईत गावाकडचं 'जल्दी करा' तोंडातून निघून जातं आणि पेशंट हसतात.

यंदा गावाकडून एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. शहागडची पूजा नर्सिंगला लागलीय, तिला ठेवून घ्याल का? खरं सांगते, मनात आधी नकारच आला. कितीतरी वर्षांनी मला स्वतःची अशी एक खोली मिळाली होती, खिडकीशी खुर्ची टाकून निवांत बसायला. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. मग खुर्ची हॉलमध्ये आणली आणि त्या खोलीत पलंग लावला.

गेल्या आठवड्यात दुपारी ड्युटीवरून परतले, तर दार उघडंच. पूजाची आई शहागडहून आली होती. तिच्या कपाळावर कुंकू, माझ्या भिंतीवर क्रूस, आणि ती माझ्याच ओट्यावर निवांत भाकरी थापत होती. मी पर्स ठेवेपर्यंत पूजानं ताट मांडलं.

घरी कधी येणार, असं आई फोनवर विचारते. नाताळात येतेच. पण त्या दुपारी मला वाटलं, मी घरीच आले आहे.

"ताई, बसा आता," पूजाची आई म्हणाली. "दमून आल्या तुम्ही. मी वाढते."

उठून हात लावावा, असं क्षणभर वाटलं. पण उठले नाही. पोटभर जेवले.