सतराव्या रांगेतला पसारा

"तू स्वतः त्यांना येऊ नका म्हणालीस?"

"म्हणाले."

"अगं पण का? महिनाभर फोनवर दुसरं काही बोलत नव्हतीस. चिमणीमावशी येणार, सगळी टोळी येणार, पिल्लूला बघणार. आणि आत्ता मी किती वाजता येताय म्हणून फोन केला, तर मावशी म्हणते, तुझ्या आईलाच विचार. त्यांच्यासाठी आणलेली चॉकलेटं आता मी एकटीने खात बसू?"

"खा. तुला आवडतात."

"विषय बदलू नकोस."

"विषयच नाही काही. त्यांना जमत नाहीये."

"त्यांना जमत नाहीये, की तू जमू दिलं नाहीस?"

आईने शेगडीवरचं दुधाचं पातेलं खाली उतरवलं. दूध काही उतू जात नव्हतं. तिला फक्त पाठ फिरवायची होती. पण स्वयंपाकघर एवढंसं, की पाठ फिरवली तरी लेक हाताच्या अंतरावरच. टेबलाशी, उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीत, अडीच वर्षांचा नातू केळ्याच्या फोडी एकेक करून चिरडत होता. मोठ्यांच्या आवाजात काहीतरी बिनसलंय हे ओळखून तो मधूनच थांबायचा, दोघींकडे बघायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

या पाठमोऱ्या बाईला विमानतळावर सगळे मुकादमबाई म्हणतात. विमान उतरलं, माणसं बाहेर पडली, की पुढची माणसं आत यायच्या आधी ते लख्ख करून द्यायचं, हे तिच्या टोळीचं काम. सहा-सात बायका आणि व्हॅक्यूम ओढणारा एक दादा. कोणी सीटमागच्या जेवणाच्या फळ्या पुसतं, कोणी सीटमागचे खिसे रिकामे करतं, कोणी सीटचे पट्टे आडवे नीट ठेवतं. वेळ इतका थोडा, की खोकला आला तर तो पायऱ्या उतरल्यावर खोकायचा, असं दादा म्हणतो. चिमणी ही टोळीतली सगळ्यात जुनी. नाव पडलं तेव्हा ती खरंच चिमणीएवढी होती. आता सीटांमधल्या वाटेतून आडवी होऊनच जाते, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

एवढ्या घाईतही टोळीने एक खेळ राखून ठेवला होता. ज्याला सगळ्यात वाईट रांग सापडेल त्याने हाक द्यायची, "कोर्ट भरलं." बाकीच्यांनी हातातलं टाकून क्षणभर तिथे जमायचं. मग मुकादमबाई यायची, कोपर सीटच्या पाठीवर टेकवायची, पसाऱ्यावरून नजर फिरवायची आणि न पाहिलेल्या आईचा निकाल लावायची.

"बिस्किटाचा चुरा सीटवर नाही, फटीत आहे. म्हणजे पोराने सांडला आणि आईने झटकून आत ढकलला. बाईला स्वच्छता कळते हो, पण स्वतःच्या मांडीपुरती." किंवा, "खिडकीवर रंगीत खडू. पोर रंगवत होतं तेव्हा आई काय करत होती? त्याचा फोटो काढत होती." सगळे पोट धरून हसायचे. चिमणीने एकदा विचारलं, सगळं आईवरच का, बापाचं काय? मुकादमबाई म्हणाली, "बाप झोपलेला. विमानात बाप नेहमी झोपलेलाच असतो."

आणि शेवटचं वाक्य ठरलेलं. ते ती जरा आवाज खाली आणून म्हणायची, न्यायाधीशासारखं. "पोराचा दोष नाही. पोर सांडणारच. आईला वळण नाही, आणि हिच्या आईने हिला काय शिकवलं कोण जाणे."

हे निकाल ती घरी येऊन लेकीला नक्कल करून दाखवायची. दोघीच घरात, नवरा तर लेक शाळेत जायला लागण्याआधीच वारलेला. लेक जेवता जेवता हसायची, ठसका लागायचा, पाणी सांडायचं. ती पुसायला उठली की आई तिचा खांदा दाबून खाली बसवायची. "तू पुस्तक धर. फडकं मी धरते." आयुष्यात तिने घेतलेली एकच शपथ ती. दिवसभर मी लोकांचं उष्टं उचलते, माझ्या पोरीच्या हाताला ते लागणार नाही. म्हणून पोरीने कधी ताट उचललं नाही, चादर घडी केली नाही, न्हाणीघरातला स्वतःचा केस जाळीवरून काढला नाही. शेजारीण म्हणाली होती, लाडावून ठेवाल हो. मुकादमबाईला ते कौतुकच वाटलं होतं. पोरगी शिकली, दुसऱ्या शहरात इमारतींचे नकाशे काढायला लागली, तेव्हा शपथ फळली असं तिने टोळीत सगळ्यांना सांगितलं.

काल ती लेक नातवाला घेऊन यायची होती. जावयाला रजा नव्हती. लेकीने तिकिटाचा फोटो पाठवला होता. सीट सतराव्या रांगेत, खिडकीशी. आईची पाळी सकाळची, पण तिने टोळीसकट ती बदलून घेतली आणि हेच विमान मागून घेतलं. लेकीला ठाऊक नव्हतं. घरी गेल्यावर सांगायचं, तुझं विमान मी लखलखवून पुढे पाठवलं, असा तिचा बेत. टोळीला मात्र तिने पाळी सुरू झाल्यापासून भंडावून सोडलं. सतरावी रांग माझी हं. तिथे कोणी हात लावायचा नाही. माझा नातू बसून आलाय तिथे, ती सीट मीच पुसणार.

प्रवासी पुढच्या दाराने उतरतात, टोळी मागच्या पायऱ्यांनी चढते. दार उघडलं तेव्हा तिला माणसांच्या रांगेच्या टोकाला लेकीची पाठ दिसली. खांद्यावर झोपलेलं पोर, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. हाक मारावी असं मनात आलं, पण गणवेशात आणि हातात पोतं घेऊन माणसांच्या डोक्यांवरून हाक मारणं तिला बरं वाटलं नाही. पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, चला.

मागून पुढे येत ती सतराव्या रांगेशी पोचली, तेव्हा दादा आधीच तिथे उभा होता. व्हॅक्यूम बंद करून. चिमणी त्याच्यामागे.

खिडकीवर केळं फासलेलं होतं, बोटांच्या रेघांसकट. समोरची फळी सरबताने माखलेली आणि तशीच मिटून टाकलेली, त्यामुळे सरबत ओघळून खालच्या सीटमध्ये मुरलेलं. बिस्किटं जमिनीवर, पायाने चिरडून गालिच्यात गेलेली. समोरच्या सीटच्या पाठीवर स्टिकरांची फौज. आणि खिशात, मासिकाच्या मागे, फुगलेलं काहीतरी.

तिने खिशात हात घातला. हातमोजा होता, तरी बोटांना आधीच कळलं. वापरलेलं डायपर. सगळ्या टोळीला या एका गोष्टीची किळस. यावर ती कधी विनोदही करायची नाही. ते डायपर नीट गुंडाळलेलं होतं. दोन्ही कडा आत, वरून खाली घट्ट वळकटी, चिकटपट्ट्या एकीवर एक फुलीसारख्या. ही घडी तिनेच लेकीला शिकवली होती, पिल्लू महिन्याचा असताना, याच घरात. वास येत नाही आणि सुटत नाही, म्हणाली होती.

कोर्ट भरलं असं कोणी म्हणालं नाही. ते कोणीतरी म्हणालं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या रांगांमधल्या बायकांनी एकदा वळून बघितलं आणि लगेच मान खाली घालून पट्टे नीट करायला लागल्या, आधीच नीट असलेले. चिमणी तिला कोपराने बाजूला सारून गुडघ्यावर बसली आणि बिस्किटं खरवडायला लागली.

"पोरं म्हटल्यावर व्हायचंच," चिमणी म्हणाली.

या वाक्याला टोळीत बंदी होती. बंदी मुकादमबाईनेच घातलेली. एका नव्या मुलीने पहिल्याच आठवड्यात ते म्हटलं होतं, तेव्हा तिची अशी नक्कल केली होती की ती मुलगी पुन्हा महिनाभर तोंड उघडायला धजली नव्हती. आज चिमणीच्या तोंडून ते ऐकताना मुकादमबाईचे कान तापले. तिने चिमणीला ऊठ म्हटलं. चिमणी उठली नाही. मग दोघींनी मिळून ती रांग पुसली, एकमेकींकडे न बघता. मुकादमबाईने खिडकी घेतली. केळं सुकलं की काचेला दगडासारखं धरतं. नखाने काढावं लागतं. बाहेर सामानाच्या गाड्या लागत होत्या आणि काचेत तिला स्वतःचं तोंड दिसत होतं. ते न बघता काच पुसता येत नव्हती.

ती घरी गेली तेव्हा लेक गळ्यात पडली. आईने विमानाचं काही सांगितलं नाही. आणि आज सकाळी दुसऱ्या एका विमानात नवव्या रांगेत दहीभात सांडल्यासारखं काहीतरी सापडलं. दादाने सवयीने तोंड उघडलं, मुकादमबाईकडे बघितलं, तोंड मिटलं आणि व्हॅक्यूम चालू केला. खेळ संपला होता. कोणी संपवला नव्हता, सगळ्यांनी फक्त तिच्यासाठी तो बाजूला ठेवला होता, आजारी माणसाच्या घरात आवाज बारीक करतात तसा. पाळी संपल्यावर कपडे बदलताना तिने त्यांना सांगितलं, आज संध्याकाळी नका येऊ. पोराला बरं नाही. कोणीही काय झालंय म्हणून विचारलं नाही.

"पिल्लूला बरं नाही असं सांगितलंस तू," लेक म्हणाली. "मावशी विचारत होती, ताप उतरला का. ठणठणीत आहे तो. आई, त्यांना मी नकोय का? मी त्यांना काही बोलले का कधी?"

आता पाठ फिरवून चालणार नव्हतं. मुकादमबाई वळली आणि टेबलाची कड धरून, एकही नक्कल न करता, एकही विशेषण न लावता, तिने जे पाहिलं ते सांगितलं. खिडकी, फळी, गालिचा. खिसा सांगताना तिचा आवाज खाली गेला. लेकीचा चेहरा आधी काही न समजल्यासारखा झाला आणि मग कानापर्यंत लाल.

"तुझी पाळी सकाळची होती ना?"

"बदलून घेतली होती."

लेक भराभर बोलायला लागली. पिल्लूचे कान दुखत होते, तो चढल्यापासून रडत होता. मागचा माणूस प्रत्येक रडण्याला च्यक च्यक करत होता. संडासाबाहेर रांग. ती एकटी, मांडीवर पोर, एका हाताने काय काय करणार. आणि ती विमानातली मुलगी स्वतःच म्हणाली, राहू द्या मॅडम, सफाईवाले येतील. "मला तिथून फक्त निघायचं होतं, आई. मला खरंच माहीत नव्हतं की तू येणार आहेस. मला माहीत असतं तर..."

ती तिथे थांबली. पण वाक्य पुढे कुठे जात होतं ते दोघींनाही दिसलं होतं.

"म्हणजे चिमणीने एकटीने पुसलं असतं तर चाललं असतं," आई म्हणाली.

"तसं नाही म्हणाले मी."

"नाही म्हणालीस."

 मग लेक हळू बोलली, भांडणाचा सूर पूर्ण गेलेला. "तू मला कधी काही उचलू दिलं नाहीस, आई. मी उठले की खाली बसवायचीस. लग्न झाल्यावर सासूबाईंनी एकदा ओटा पुसायला सांगितला, मला कुठून सुरुवात करायची ते कळेना. त्या हसल्या. मी तुला सांगितलं नाही." थोडं थांबून म्हणाली, "मी हे तुझ्यावर ढकलत नाहीये."

पिल्लूने उरलेली फोड हवेत धरली, आजीकडे बघून हसला आणि सोडून दिली. फोड फरशीवर आपटून पसरली. मुकादमबाईचा हात आपसूक ओट्यावरच्या फडक्याकडे गेला. पण लेकीने ते आधी उचललं होतं.

"राहू दे. मी पुसते."

ती गुडघ्यावर बसली. फडकं तिने न पिळताच घेतलं होतं. आतून बाहेर पुसायला लागली, त्यामुळे केळं गोळा व्हायच्या ऐवजी पसरत गेलं, आधी वीतभर, मग हातभर. पाण्याचे ओघळ टेबलाच्या पायाशी पोचले. नकाशे काढणारी तिची पोर, चांगल्या कपड्यांत, फरशीवर, अगदी मनापासून पुसत होती आणि प्रत्येक हातासरशी पसारा वाढवत होती. कडेकडून आत घे, एवढं सांगायचं होतं. लहान पोरालाही सांगून कळतं ते. मुकादमबाईच्या तोंडून निघालं नाही.

लेकीने मान वर केली नाही. फडकं फिरवत राहिली.

"काल माझ्या रांगेचा निकाल काय दिलास, आई? शेवटचं वाक्य म्हणालीस का, हिच्या आईने हिला काय शिकवलं ते?"

मुकादमबाईने दाराजवळच्या चपलांत पाय सरकवले. उजवी डाव्या पायात गेली, ती तिने बदलली नाही. दार उघडून ती जिन्यावर गेली आणि तशीच खाली उतरायला लागली.